83 पट झूम आणि आपला नेसरी परिसर

‘पक्ष्यांसाठी ब्रिज कॅमेरा घेऊ का?’ घ्या, पण कुठे फिरणार ते आधी ठरवा.

निकॉन पी900 (2015) आणि पी950 (2020) या दोन्ही ब्रिज कॅमेऱ्यांचा झूम 83 पट, म्हणजे 24 ते 2000 मिमी. वजन किलोभर, लेन्स बदलायची कटकट नाही. घटप्रभेच्या काठावरचा खंड्या किंवा उसाच्या फडाशेजारी तारेवर बसलेली कापशी घार, जवळ न जाता चौकटीत भरते. एवढ्या पल्ल्याचं भिंग मोठ्या कॅमेऱ्याला लावायचं म्हटलं तर शेत विकावं लागेल! चंद्रावरची विवरं तर हा कॅमेरा झकास टिपतो.

आता खरी गोम. 2000 हा फुल फ्रेमच्या हिशेबातला आकडा. प्रत्यक्षात भिंग 357 मिमीचं. सेन्सर 1/2.3 इंची, क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याएवढं. त्यात पूर्ण झूमला छिद्र एफ/6.5 पर्यंत आवळतं. म्हणून नेसरीच्या मोकळ्या माळावर सकाळी चित्र लख्ख येतं आणि आंबोलीच्या गर्द झाडीत, पावसाळ्यात, आयएसओ 800 च्या पुढे पिसं चिखलासारखी दिसू लागतात. उडत्या पाकोळीच्या मागे तर लागूच नका, फोकस पोचेपर्यंत ती गेलेली असते.

दुपारच्या उन्हात तापलेली हवा थरथरते, तिथे कितीही महाग भिंग हतबल. झूम कमी करा, पायांनी जवळ जा.

दोन्हींतला घ्यायचाच तर पी950 बघा. त्यात रॉ फाइल मिळते, पी900 मध्ये नाही.