बेसमेंटमधली भट्टी

२०१९च्या ३० जानेवारीला शिकागोत पारा उणे ३१ अंश सेल्सिअसवर गेला होता. त्या दिवशीही लोक घरात साध्या स्वेटरवर वावरत होते. अनेक घरांत हे शक्य झालं ते बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या एका पत्र्याच्या खोक्यामुळे. ही गॅसवर चालणारी फर्नेस. चालू असते तोवर तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

पूर्वी घरं कोळशाच्या भट्टीवर तापत. पहाटे उठून निखारे फुलवायचे, राख उपसायची. १९१९ साली न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला गॅसवर घर तापवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट मिळालं. वेगवेगळ्या खोल्यांची उष्णता वेगवेगळी राखण्याची सोय त्यात होती. तो आराखडा जसाच्या तसा घराघरांत पोचला नाही, पण दिशा तीच राहिली.

आजची फर्नेस पेटताना एकदा समोर उभं राहून बघावी. घर गार झाल्याचा निरोप थर्मोस्टॅटने दिला की लगेच गॅस सुटत नाही. आधी एक छोटा पंखा घरघरतो आणि आत उरलासुरला वायू बाहेर ओढतो. धुराड्याचा मार्ग मोकळा आहे अशी एका स्विचची खात्री पटली, की इग्नायटर नारिंगी तापतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि निळी ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर सरकत जाते. ज्योतीत एक बारीक सळई असते, फ्लेम सेन्सर. ज्योतीतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका क्षीण प्रवाह वाहतो. तो काही सेकंदांत जाणवला नाही, तर गॅस बंद. सगळं सुरळीत झालं, की थोड्या वेळाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि गरम हवा घरभर जाते. ज्योत आणि आपण श्वासात घेतो ती हवा यांच्यामध्ये असते हीट एक्स्चेंजरची धातूची भिंत.

म्हणून 'फर्नेस बंद पडली' ही तक्रार पुष्कळदा अर्धवट असते. तिने स्वतःला बंद करून घेतलेलं असतं. सेन्सरवर पातळ थर बसला, की ज्योत असूनही ती त्याला कळत नाही. दोन-चार प्रयत्न करून फर्नेस गप्प बसते. फिल्टर तुंबला, की पुरेशी हवा मिळत नाही, हीट एक्स्चेंजर अति तापतो आणि सुरक्षा स्विच गॅस तोडतो. अशा वेळी बटण बंद-चालू करत राहणं म्हणजे दुखणं दाबून ठेवणं. स्विचच वगळून वायर जोडणं तर जिवावर बेतणारं.

घरमालकाचं पहिलं काम फिल्टरचं. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला काढून बघावा. रोजची फोडणी आणि देवासमोरची उदबत्ती असलेल्या आपल्या मराठी घरांत तो लवकर काळवंडतो. बदलताना त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. जितका दाट तितका चांगला, हाही एक गैरसमज. फार दाट फिल्टर जुन्या ब्लोअरचा दम काढतो. आणि गणपतीच्या मखराचं थर्मोकोल, रंगाचे डबे, रिकाम्या बॅगा फर्नेसला खेटून ठेवू नयेत.

नव्या, ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षम फर्नेस धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरतात. धूर इतका निवलेला असतो, की त्याला प्लॅस्टिकचा पाइप चालतो. तो बहुधा घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर पडतो. बर्फवृष्टीनंतर गाडीआधी त्या पाइपाचं तोंड मोकळं करा. त्या वाफेचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली, तरी फर्नेस थांबते.

बाकीचं काम तंत्रज्ञाचं. गणपती उठले, की त्याला बोलवावं. पहिली थंडी पडली की त्याची वेळ मिळत नाही. सेन्सर घासणं, गॅसचा दाब मोजणं, धुराडं आणि ज्योत तपासणं हे त्याने करायलाच हवं. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती ज्योत ही धोक्याची खूण. हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, नवी फर्नेस घ्या, असं कोणी सांगितलं तर तडा दाखवायला सांगा किंवा त्याचा फोटो मागा. तडा खरा असेल तर मात्र घासाघीस करू नका, फर्नेस बंद ठेवा.

गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. तो आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नाही, रंग नाही. त्याचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवा. हे अलार्मही म्हातारे होतात. बहुतेकांचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचं. तुमच्या अलार्मच्या मागे तारीख छापलेली असेल, तो उलटून ती आजच बघा.