शोधलं की सापडतं, पण कुणाला?

वस्तू लपवून ठेवायची सवय आपल्या बायकांना जुनीच. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवलेल्या नोटा, साडीच्या घडीत सरकवलेलं पासबुक, पोथीच्या पानांत जपलेलं माहेरचं पत्र. अशी एखादी जागा घरोघरी असतेच. ती जागा सुरक्षित का असते? तिला कुलूप असतं म्हणून नाही. घरात डबे वीस आणि साड्यांच्या घड्या पन्नास. सगळं उपसून बघायला कुणाला सवड नसते, म्हणून!

हाच हिशेब आपण घरातल्या कॉम्प्युटरलाही लावतो. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, त्याला नाव 'उन्हाळी वाळवणं', आणि आत बँकेचे कागद. वाटतं, इथे कोण कशाला येतंय बघायला?

मैत्रिणींनो, इथेच हिशेब चुकतो. कॉम्प्युटरला डबे उपसायचा कंटाळा येत नाही. खरं तर त्याने सगळे डबे आधीच उपसून, कशात काय आहे याची यादी करून ठेवलेली असते. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत भिंगाचं चित्र असलेली शोधायची चौकट असते ना, तिच्यात एक शब्द टाइप करा. 'वाळवणं' फोल्डरमधला बँकेचा कागद दोन सेकंदांत समोर हजर!

यादी कशी होते?

जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरही तेच करतो. आपण चहाला उठलो, मशीन रिकामं बसलं, की त्यातला एक प्रोग्रॅम आपल्या फाइली वाचत जातो. नुसती नावं नाही, आतला मजकूरसुद्धा. आणि शब्दांची सूची तयार करतो. या सूचीला 'इंडेक्स' म्हणतात. म्हणूनच उत्तर इतक्या झटकन मिळतं.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. मुलाचा जातीचा दाखला कुठे स्कॅन करून ठेवला होता ते आठवत नसेल, तर ही चौकट देवासारखी धावून येते. पण विचारणारा कोण आहे, हे ती चौकट विचारत नाही. खुर्चीत जो बसेल, त्याला ती उत्तर देते.

वीस वर्षांपूर्वीचा धडा

ही काळजी आजची नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने 'गूगल डेस्कटॉप' नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आणला. इंटरनेटवर शोधतो तसं आपल्याच कॉम्प्युटरमध्ये शोधा, अशी ती कल्पना. फाइली, ई-मेल, पाहिलेली वेबपानं, सगळ्यांची सूची तो करायचा, आणि वर त्यांच्या नकलाही ठेवायचा. त्यामुळे मूळ फाइल पुसली तरी तिची नक्कल सापडू शकायची. लोक चकित झाले आणि पाठोपाठ धास्तावलेही. कारण एकाच कॉम्प्युटरवर घरातले किंवा ऑफिसातले चारजण बसत असतील, तर एकाचं टपाल दुसऱ्याच्या हाती पडणार हे उघड होतं.

दोनच महिन्यांत, डिसेंबर २००४ मध्ये, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचे प्राध्यापक डॅन वॉलॅक आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी त्यात एक फट दाखवून दिली. एखाद्या लबाड वेबसाइटला तिच्यातून आपल्या फाइलींमधल्या मजकुराचे तुकडे बघता आले असते. गूगलने ती फट बुजवली.

मग फेब्रुवारी २००६ मध्ये नवी आवृत्ती आली. तिच्यात एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शोधायची सोय होती. ती सुरू केली, तर आपल्या फाइलींमधल्या मजकुराची नक्कल गूगलच्या सर्व्हरवर जायची आणि तीस दिवसांपर्यंत तिथे राहू शकायची. नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या अमेरिकेतल्या संस्थेने तेव्हा लोकांना स्पष्ट सांगितलं, ही सोय वापरू नका. घरातल्या कपाटातला कागद आणि दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेला कागद, यांना कायद्याचं संरक्षण सारखं मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

२०११ मध्ये गूगलने हा प्रोग्रॅम बंद केला. पण शोधायची ही सोय काही गेली नाही. २००५ मध्ये ॲपलने आणि २००७ च्या 'विंडोज व्हिस्टा'मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कॉम्प्युटरमध्येच बसवून दिली होती. आज ती वेगळी घ्यावी लागत नाही. आहे हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही.

चुगली करणारी चौकट

कौटुंबिक समुपदेशनाच्या कामात पाहिलेली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव-नाव सांगत नाही. एक ताई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आमच्याकडे यायच्या. शिकलेल्या होत्या. काय काय घडलं ते तारखांसकट त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलं होतं, मुलाच्या शाळेच्या फोल्डरमध्ये. नवऱ्याच्या मनात तेव्हा संशयही नव्हता. त्याला आपल्या विम्याची पावती हवी होती, म्हणून त्याने चौकटीत स्वतःचं नाव टाइप केलं. पावतीच्या वर बायकोचा अर्ज आला. त्या रात्री ताईंना अंगावरच्या कपड्यांनिशी माहेर गाठावं लागलं.

त्याने शोधलं एक आणि त्याला सापडलं दुसरंच. पाळत ठेवणारा माणूस असलाच पाहिजे, असं नाही. साधी चौकट पुरते.

दुकानातला कॉम्प्युटर

आपल्या छोट्या गावांत कॉम्प्युटर फक्त घरात नसतो. झेरॉक्सच्या दुकानात असतो, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात असतो. प्रिंट हवी असली की आपण काय करतो? दुकानदाराच्या नंबरावर आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान धाडून देतो. प्रिंट मिळते, पाच-दहा रुपये देऊन आपण घरी येतो. आणि तो कागद? तो त्या कॉम्प्युटरच्या 'डाउनलोड्स'मध्ये तसाच पडून राहतो. आपल्या शेजारणीचा, तिच्या सुनेचा, आणि गावातल्या शेकडो जणांचा त्याच्याशेजारी! दुकानदार भला माणूस असेलही. पण त्याच्या खुर्चीवर दिवसभरात कोण कोण बसतं? तिथे 'आधार' एवढा एक शब्द टाइप केला की काय काय बाहेर येईल, याची कल्पना करा.

दुरुस्तीच्या दुकानाचंही तसंच. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आवाज बंद पडल्याचं निमित्त करून त्यांनी सोळा दुकानांत लॅपटॉप दुरुस्तीला दिले. आत कोण कुठे फिरतं याची नोंद गुपचूप होईल, अशी व्यवस्था केली होती. बारा ठिकाणच्या नोंदी हाती आल्या. त्यांपैकी सहा ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्यांनी खासगी गोष्टी चाळल्या होत्या आणि दोन ठिकाणी त्या चक्क उतरवूनही घेतल्या होत्या. बाईचा म्हणून दिलेल्या लॅपटॉपमध्ये डोकावण्याचा प्रकार जास्त आढळला. आवाज दुरुस्त करायला फोटो कशाला बघायला हवेत, सांगा!

आता तर चित्रंही

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' ही नवी सोय जाहीर केली. तिच्यात कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो, म्हणजे आपण काय पाहिलं ते नंतर शोधता यावं. पण ही सगळी माहिती पुरेशा कुलपाविना ठेवलेली असल्याचं जाणकारांनी दाखवून दिलं, टीकेची झोड उठली आणि कंपनीला ती पुढे ढकलावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा माहिती कुलूपबंद केलेली होती, उघडायला चेहरा किंवा बोटाचा ठसा लागत होता आणि सुरू करायची की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलं होतं. ही सोय काही खास नव्या कॉम्प्युटरांवरच मिळते. तरी नवा लॅपटॉप घेताना समोर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला 'यस, यस' करत पुढे जाऊ नका. हाच प्रश्न त्यात असू शकतो.

मग करायचं काय?

घाबरून कॉम्प्युटरवर कापड टाकायचं कारण नाही. काही सवयी लावून घ्या.

पहिली गोष्ट, एका घरात एकच खातं ठेवू नका. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड ठेवता येतो. साध्या खात्यावरून शोधणाऱ्याला दुसऱ्याच्या खात्यातल्या फाइली दिसत नाहीत. 'ॲडमिनिस्ट्रेटर' खात्याला मात्र सगळीकडे जाता येतं, म्हणून ते कुणाकडे आहे ते बघून घ्या. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' एकत्र दाबा. कॉम्प्युटर कुलूपबंद होतो.

दुसरी गोष्ट, महत्त्वाच्या वर्ड फाइलला पासवर्ड घाला. 'फाइल'मध्ये 'इन्फो', त्यात 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' आणि मग 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. मग आतला मजकूर सूचीत येत नाही. फाइलचं नाव मात्र दिसतंच, तेव्हा ते साधं ठेवा. आणि हा पासवर्ड विसरलात तर फाइल उघडणं कठीण, हेही लक्षात असू द्या. सगळे पासवर्ड एका फाइलीत लिहून तिला 'पासवर्ड' असंच नाव देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. चोर पहिल्यांदा हाच शब्द शोधतो.

तिसरी गोष्ट, एखादं फोल्डर सूचीतून वगळता येतं. शोधायच्या चौकटीतच 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' टाइप करा, 'मॉडिफाय' उघडा आणि त्या फोल्डरची खूण काढा. पण याला कुलूप समजू नका. फोल्डर उघडणाऱ्याला फाइल दिसतेच. शिवाय पुसलेली फाइल 'रिसायकल बिन'मध्ये जाऊन बसते, तेव्हा तीही रिकामी करत जा.

दुकानात प्रिंट काढलीत, तर फाइल आपल्यासमोर पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. त्यात संकोच कसला? चालत असेल तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. आपल्याला ओळखणाऱ्या कुणालाही तो ठाऊक असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. दुरुस्तीला देण्याआधी खासगी फाइली वेगळ्या डिस्कवर काढून घ्या, आणि जमलं तर समोर बसून काम करून घ्या. कॉम्प्युटर विकायचा असेल, तर 'रीसेट'मध्ये सगळं पुसायचा पर्याय निवडा आणि त्यातला ड्राइव्ह साफ करायचा पर्यायही घ्या.

बचत गटाचा हिशेब सांभाळणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला हवं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये गटातल्या सगळ्या जणींची आधार कार्डं, पासबुकं आणि कर्जाचे आकडे असतात. कुणी किती उचल घेतली हे एकीच्या सासरी कळणं म्हणजे कधी कधी तिच्या जिवाशी खेळ. दुसरीचं गुपित सांभाळताना स्वतःच्यापेक्षा दुप्पट जपा.

आणि ज्या मैत्रिणीच्या घरात भीती आहे, तिने तक्रारीचा कागद घरच्या कॉम्प्युटरवर ठेवूच नये. तो समुपदेशन केंद्रात किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. घाईघाईने सगळे पासवर्ड बदलल्यानेही संशय वाढू शकतो, म्हणून आधी जाणत्या माणसाशी बोला. त्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० लावा. फोटोंचा गैरवापर झाला असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमधली माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे चुकीचं आहे, हे दुरुस्तीवाल्याला ठणकावून सांगायला हरकत नाही.

'लपवायचं काय आहे एवढं?' असं घरात कुणी विचारेल. त्यांना सांगा, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला आहे की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो लग्नाबरोबर माहेरी ठेवून यायचा नसतो. ज्यांना कॉम्प्युटर येतो, त्यांनी आज शेजारणीला तिचं वेगळं खातं उघडून द्यावं. पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड मात्र तिचा तिलाच घालू द्या, आणि ती टाइप करत असताना आपण खिडकीबाहेर बघा.