अलिप्ततावाद आणि संरक्षण सुधारणा : यशवंतराव चव्हाण यांचा संरक्षणमंत्रिपदाचा कालखंड (१९६२-१९६६)

प्रस्तावना :
'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तथापि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केलेली होती. त्या वेळी चव्हाणांच्या वाट्याला रणांगण आले नाही. खचलेली व्यवस्था पुन्हा उभारण्याचे काम आले. या गौरववाक्यामागे झाकल्या गेलेल्या संस्थात्मक कार्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तटस्थता व अलिप्तता :
या दोन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. तटस्थता म्हणजे इतरांच्या युद्धात सहभागी न होण्याची भूमिका, तर अलिप्तता म्हणजे लष्करी गटात सामील न होता परराष्ट्र धोरणाचे निर्णयस्वातंत्र्य राखणे. परंतु दोहोंची पूर्वअट एकच, ती म्हणजे स्वसंरक्षणाचे सामर्थ्य. स्वित्झर्लंडने तटस्थतेला सक्तीच्या लष्करी सेवेची जोड दिली. स्वीडनने लढाऊ विमाने देशातच बांधली. त्याच स्वीडनला २०२४ मध्ये 'नाटो'चे सदस्यत्व घ्यावे लागले. भारताने मात्र १९६२ पूर्वी अलिप्ततेलाच संरक्षणाची हमी मानले. ही धारणा त्या वर्षीच्या पराभवाने फोल ठरविली.

सुधारणांचे स्वरूप :
पहिली सुधारणा मुलकी नेतृत्व व सेनाधिकारी यांच्या संबंधांची होती. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा देऊन तो मागे घेतला होता. त्यावरून या संबंधांतील तणाव लक्षात येतो. चव्हाणांनी सेनाप्रमुख व सचिव यांच्याशी नियमित बैठकांची पद्धत रूढ केली. पुण्यातील दक्षिण कमांडचे प्रमुख राहिलेले जनरल जयंतनाथ चौधरी या काळात लष्करप्रमुख होते. धोरण मंत्र्याने ठरवावे आणि लष्करी कार्यवाही सेनाधिकाऱ्यांवर सोपवावी, ही विभागणी त्यातून स्पष्ट झाली.

दुसरी सुधारणा पराभवाच्या चिकित्सेची होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांच्या अहवालाच्या आधारे चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन केले. त्यात प्रशिक्षण, शस्त्रसामग्री व नेतृत्व यांतील उणिवांचा उल्लेख होता.

तिसरी सुधारणा नियोजनाची होती. १९६४ ते १९६९ या पंचवार्षिक संरक्षण योजनेत ८,२५,००० सैनिकांचे भूदल व ४५ स्क्वाड्रनचे हवाईदल ही उद्दिष्टे निश्चित करण्यात आली. पर्वतीय युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारण्यात आल्या. खरेदीसाठी वॉशिंग्टन व मॉस्को या दोन्ही दारांवर टकटक झाली. अमेरिकेने एफ-१०४ विमाने नाकारली. सोव्हिएत सहकार्याने मात्र नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रपुरवठा रोखल्यावर एकाच पुरवठादारावर विसंबण्यातील धोका सिद्ध झाला.

मर्यादा :
शस्त्रांचे स्रोत वाढले, परंतु परावलंबन संपले नाही. परवान्याखाली विमान जोडणे व स्वतः त्याचा आराखडा करणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर या काळात भरून निघाले नाही. शिवाय हेंडरसन ब्रुक्स अहवाल अद्याप अधिकृतरीत्या प्रसिद्ध झालेला नाही. परिणामी पराभवाची चिकित्सा शासनाच्या कपाटात राहिली आणि विद्यापीठीय अभ्यासाला अपुऱ्या साधनांवर भिस्त ठेवावी लागली.

निष्कर्ष :
चव्हाणांच्या कार्यातून असे दिसून येते की, निर्णयस्वातंत्र्य हे केवळ भूमिका जाहीर केल्याने टिकत नाही. त्यासाठी परस्परविश्वास, दीर्घकालीन नियोजन व स्वदेशी उत्पादन यांची जोड लागते. चव्हाणांनी पहिल्या दोन गोष्टींचा पाया घातला. तिसरी गोष्ट त्यांच्या काळात अपुरी राहिली. सह्याद्रीच्या धावण्याचे कौतुक करताना, त्याला धावावे का लागले हा प्रश्नही अभ्यासकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.