उघडलेले इंजिन (लेखांक ६) : सांध्याला काय लावायचे?

स्पेअर पार्टच्या दुकानात 'पॅकिंगला लावायचे सीलर द्या' म्हटले, की बहुतेक वेळा सिलिकॉनची ट्यूब पुढ्यात येते. ती कुठे लागणार आहे, हे दुकानदार विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. खरे तर सीलर निवडायचा तो सांध्याकडे पाहून. सांध्याच्या आत काय आहे: तेल, पेट्रोल की जळता वायू? दोन कडांमध्ये फट किती राहते? आणि पॅकिंगची जाडी इंजिनाच्या मापात धरलेली आहे का? एवढे कळले, की कोणती ट्यूब घ्यायची आणि कुठे काहीच लावायचे नाही, हे ठरवणे सोपे होते.

मागच्या लेखांकात आपण केसिंगच्या कडा जुन्या पॅकिंगपासून मोकळ्या केल्या आणि जाड काचेवर ठेवून सपाट आहेत का ते पाहिले. ते काम राहिले असेल, तर आज ट्यूब उघडू नका. वाकलेली कड सीलरने सरळ होत नाही.

उदाहरणासाठी यामाहा आरएक्स १०० चे इंजिन घेऊ. १९८५ साली भारतात आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली ही टू-स्ट्रोक गाडी आजही गावोगावच्या गॅरेजमध्ये उघडली जाते. तिचा क्रँककेस उभा दुभंगतो. डाव्या आणि उजव्या भागामध्ये कागदी पॅकिंग नसते. धातू धातूला भिडतो आणि मध्ये फक्त सीलरचा पातळ थर असतो. फोर-स्ट्रोक इंजिनात असा सांधा पाझरला तर खाली तेलाचा डाग पडतो. टू-स्ट्रोकमध्ये मात्र पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. ६,००० आरपीएमला ही ओढ आणि हा दाब सेकंदाला १०० वेळा येतो. ओढीच्या क्षणी सांध्यातल्या केसभर फटीतूनही बाहेरची हवा आत शिरते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, त्यामुळे तिच्याबरोबर पेट्रोल नसते आणि टू-टी ऑइलही नसते. मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडतो, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर उतरत नाही आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन धरतो. बोअर केलेले, नवा पिस्टन घातलेले इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा सीझ झाले, की दोष ऑइलला दिला जातो. सांधा कुणी तपासत नाही, याचे फार वाईट वाटते, कारण त्या सांध्याला लागणारा सीलर पिस्टनच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो.

या सांध्यावर सिलिकॉन चालत नाही. आरटीव्ही सिलिकॉन इंजिन ऑइलपुढे टिकते, पण पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि कडेने सुटू लागते. सुटलेला तुकडा ट्रान्सफर पोर्टमधून वर जाऊ शकतो. इथे अर्धवट सुकणारा, लवचीक राहणारा आणि पेट्रोल सोसणारा सीलर हवा. यामाहाचा स्वतःचा यामाबॉन्ड याच जातीचा आहे आणि थ्रीबॉन्डचेही असे सीलर मिळतात. माझी पसंती निळ्या हायलोमारला. रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांसाठी विकसित झालेला हा सीलर कधीच कडक होत नाही. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, दहा मिनिटे थांबून त्यातला द्रावक उडू द्यायचा आणि मग भाग जोडायचे. पुन्हा उघडायची वेळ आली, तर केसिंगच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून कड खरवडावी लागत नाही. शिकणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण पहिले इंजिन बहुधा दोनदा उघडावे लागते.

अ‍ॅनारोबिक सीलरचा इथे विचार करायला हरकत नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९५३ मध्ये हे रसायन बाजारात आणण्याजोगे केले. त्यातूनच पुढे लॉक्टाइट उभी राहिली. हवा मिळत असेपर्यंत ते द्रवच राहते. धातूच्या दोन कडांमध्ये दाबले गेले, हवा तुटली, की घट्ट होते. त्यामुळे आतल्या बाजूला ओघळलेला भाग घट्ट न होता तेलात मिसळून जातो. सिलिकॉनसारखी त्याची गोळी बनत नाही. पण अटी कडक आहेत. फट साधारण पाव मिलिमीटरच्या आत हवी, कडा ताठ आणि स्वच्छ हव्यात. अ‍ॅल्युमिनियमवर ते लोखंडापेक्षा सावकाश घट्ट होते, म्हणून लगेच इंजिन चालू करण्याची घाई नको. कागदी पॅकिंगवर किंवा पत्र्याच्या लवचीक कव्हरवर ते वाया जाते.

जुने मेकॅनिक शेलॅकची बाटली काढतात. लाख पेट्रोलला आणि तेलाला दाद देत नाही, म्हणून तिने अनेक दशके चांगले काम केले. मात्र ती स्पिरिटमध्ये विरघळते, आणि २०२३ पासून आपल्या पंपांवर येऊ लागलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. पेट्रोल लागणाऱ्या सांध्यावर खऱ्या लाखेचे शेलॅक मी आता सुचवणार नाही. गिअरबॉक्सच्या बाजूच्या कागदी पॅकिंगला ते अजूनही लावता येते.

मग सिलिकॉन कुठे? जिथे आत फक्त तेल आहे, फट थोडी मोठी आहे आणि बनवणाऱ्याने तेच सांगितले आहे, तिथे: फोर-स्ट्रोक इंजिनाचे पत्र्याचे सम्प, काही टॅपेट कव्हरचे कोपरे, वायरिंग बाहेर काढणारे रबर ग्रोमेट. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते. तांब्याच्या तारा आणि सेन्सर असतील तिथे ते टाळा, 'सेन्सर सेफ' लिहिलेले घ्या. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्के होते. त्यामुळे कोकणात जुलैमध्ये त्याच्यावर साय लवकर धरते आणि भाग झटपट बसवावे लागतात, तर मराठवाड्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी तेच काम रेंगाळते. दोन्हीकडे तेल भरण्याआधी चोवीस तास थांबलेले बरे.

ट्यूबमधून निघणारी धार दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि ती बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवायची. बाहेर जितके ओघळलेले दिसते, तितकेच आतही ओघळलेले असते. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी इंजिनात ऑइलच्या वाटेवर बारीक जाळी असते. आत लोंबणारे सिलिकॉनचे धागे सुटून त्या जाळीवर बसले, की कॅमकडे जाणारे ऑइल कमी पडते. गळणारा थेंब थांबवायला लावलेला पदार्थ असा हेडचाच जीव घेतो. बंद तळाच्या भोकात सीलर साचला असेल तर तोही काढा. बोल्ट आत गेला की अडकलेल्या द्रवाचा दाब केसिंगला तडा देऊ शकतो.

आता जाडीचा प्रश्न. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक इंजिनांना क्रँककेस कव्हरचे पॅकिंग ०.००५, ०.००९ आणि ०.०१५ इंच अशा जाड्यांत मिळते. कारण क्रँकशाफ्टची आडवी ढिलाई त्या पॅकिंगने ठरते. असे पॅकिंग काढून टाकून नुसते सिलिकॉन लावले, तर शाफ्ट जाम होऊ शकतो. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरखालच्या पॅकिंगचेही तसेच. ते जाड झाले की सिलिंडर वर उचलला जातो, पोर्ट उघडण्याची वेळ बदलते आणि कॉम्प्रेशन घटते. तिथे मूळ जाडीचे नवे पॅकिंग घाला, दोन्ही बाजूंना हायलोमारचा हलका हात फिरवा. हेड पॅकिंग कोरडे बसवायचे, जोवर बनवणाऱ्याने वेगळे सांगितलेले नाही. कार्ब्युरेटरच्या सांध्यांना कसलाही सीलर लावू नका. त्याचा कण जेटमध्ये गेला की पुन्हा सगळे खोलावे लागते. सायलेन्सरच्या तोंडाशी धातूची रिंगच हवी.

जोडणी झाली, की इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी हवा भरून पाहा. आरएक्स १०० साठी एक्झॉस्टचे तोंड रबरी तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा, इनटेकही बंद करा. पिस्टन खाली न्या, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतील. प्लगच्या जागी नळी बसवून ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि डायल जोडा. काटा २६० मिलिमीटरवर, म्हणजे साधारण ०.३५ बारवर आणा आणि पाच-सहा मिनिटे सोडा. काटा उतरू लागला तर ब्रशने साबणाचे पाणी सांध्यांवर लावा. रीड व्हॉल्व्हमुळे हा दाब इनटेक मॅनिफोल्डपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून तो सांधा तपासायला हवा मॅनिफोल्डच्या बाजूने भरावी लागते. मॅग्नेट बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे आले तर सील बदला. बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि तरीही काटा उतरतो आहे, तर गिअर ऑइल भरण्याच्या तोंडावर साबणाचे पाणी लावा. तिथे फुगा धरला, तर हवा क्रँक चेंबरमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे: एकतर क्लच बाजूचा सील गेलेला आहे, नाहीतर दोन चेंबरमधल्या अरुंद कडेवर सीलर लागायचा राहिला आहे. हीच वाट चालू इंजिनात गिअर ऑइल आत ओढते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर काढते. क्लच कव्हर काढून आधी सील बदलून पाहा; काटा तरीही उतरला, तर क्रँककेस पुन्हा दुभंगावाच लागेल.

पुढील लेखांकात : बोल्ट कसण्याचा क्रम आणि टॉर्क पाना.