बोटातून दिसणारा श्वास

फेब्रुवारी २०२१. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं देगाव. तिथल्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात चाचण्या झाल्या आणि एकदम २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. बरीचशी मुलं अमरावती-यवतमाळकडची, म्हणजे आईबाप दूर. वसतिगृह प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आता दोनशेच्या वर मुलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, आणि जो लक्ष ठेवणार त्यानं होता होईल तो लांब राहायचं. हे जमावं कसं?

शुश्रूषा म्हटली की स्पर्श आलाच. कपाळावर हात, मनगटावर बोटं, पाठीला आधार. आणि साथीच्या रोगात याच स्पर्शाची किंमत मोजावी लागते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणत होत्या. १० मार्चला त्याच प्लेगनं त्यांना नेलं.

वाशिममध्ये तर अंतराचा प्रश्न एरवीही आहेच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात, आणि दर शंभरातली ८२ माणसं खेड्यांत. साथ भरात असताना प्रत्येकाला खाट कुठून आणणार? सौम्य लक्षणांच्या माणसाला घरीच वेगळ्या खोलीत ठेवायचं, म्हणजे गृहविलगीकरण. आणि सिस्टर? ती फोनवर.

फोनवरून काय कळणार, असं वाटतं ना? पण मुरलेल्या सिस्टरचा कान काय काय टिपतो ते बघा. "आजी, कसं वाटते आज?" उत्तर ठरलेलं असतं: "मले काई नाई झालं, बाई." शब्दांत काहीच नाही. पण हे एवढंसं वाक्य आजी एका दमात बोलल्या, की मध्ये थांबून श्वास घेतला? "मले काई... नाई झालं" असं तुटलं, की सिस्टर सावध होते. वाक्य जिथं तुटतं तिथं फुप्फुस बोलत असतं!

याच निरीक्षणातून एक चाचणी निघाली, रॉथ स्कोअर. खोल श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात एक ते तीस मोठ्यानं मोजायचं. हुतूतूत दम टिकवायचा तसंच हे. फक्त इथं समोर गडी नाही, फोनच्या पलीकडे कान आहे. मोजणी किती आकड्यांवर आणि किती सेकंदांत तुटली, ते बघायचं. नुसत्या या आकड्यावर विसंबू नका, असं ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी २०२० मध्येच बजावलं, आणि ते बरोबरच होतं. कारण या आजारानं एक विलक्षण फसवणूक चालवली होती.

रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीला उतरलेला, आणि माणूस पलंगावर बसून निवांत चहा पितोय! धाप नाही, घुसमट नाही. असं कसं? कारण श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला जाणवते ती मुख्यतः प्राणवायू घटल्यामुळे होतच नाही. ती होते रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. आणि हा वायू फुप्फुसाच्या पडद्यातून प्राणवायूपेक्षा सुमारे वीसपट सहज पार होतो. पडदा सुजला तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, पण प्राणवायूला पुरेसं आत शिरता येत नाही. मेंदूला वाटतं, सगळं ठीक आहे. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या शरीरानं त्यांनाच कळवलं नव्हतं.

मग जे रुग्णाला स्वतःला कळत नाही, ते दोन गावं पलीकडच्या सिस्टरला कळणार कसं?

आज रात्री दिवे घालवा आणि मोबाइलच्या टॉर्चवर बोटाचं टोक दाबून धरा. बोट लालबुंद उजळतं. हाडामांसाच्या बोटातून उजेड आरपार येतो! रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटरचा चिमटा हेच करतो, फक्त दोन प्रकारच्या उजेडानं: एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूनं भरलेलं रक्त लाल उजेड बराचसा जाऊ देतं, रिकामं रक्त तो गिळतं. अवरक्ताचं उलट. दोन्ही उजेड किती पोचले याचं गुणोत्तर काढलं की रक्त प्राणवायूनं किती टक्के भरलंय तो आकडा मिळतो.

पण थांबा. बोटात रक्ताशिवाय कातडी आहे, हाड आहे, नख आहे, नीलांमधलं परतीचं रक्तही आहे. तेही उजेड गिळतातच की! यंत्राला नेमकं धमनीतलं ताजं रक्त वेगळं कसं दिसतं?

इथं जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी येतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वेगळ्याच कामात होते. रक्तात रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीतून उजेड पाठवून हृदय किती रक्त फेकतं ते मोजत होते. पण प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरायचा आणि मोजमाप बिघडायचं. ही थरथर घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की प्राणवायू बदलला की थरथरही बदलते. कातडी, हाड, नख थरथरत नाहीत. थरथरतं ते ठोक्यासरशी आलेलं ताजं रक्त! जे जे स्थिर ते वजा करा, उरेल ती फक्त धमनी. १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडलं. ज्या थरथरीचा त्यांना वैताग होता, त्यातच उत्तर दडलेलं होतं. मला तरी विज्ञानातल्या सगळ्यांत देखण्या क्षणांपैकी हा एक वाटतो. १८ एप्रिल २०२० ला आओयागी वारले, बरोबर त्या दिवसांत जेव्हा साऱ्या जगाची बोटं त्यांच्या चिमट्यात होती.

तरी बसल्या जागी आकडा चांगला दिसू शकतो. म्हणून सांगायचे: आकडा बघा, सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, पुन्हा बघा. चालून काय होतं? आराम करताना रक्त फुप्फुसातल्या केशवाहिनीतून जायला साधारण पाऊण सेकंद घेतं, आणि निरोगी फुप्फुसात प्राणवायू भरायला पाव सेकंद पुरतो. म्हणजे अर्धा सेकंद गंगाजळी! चालायला लागलं की रक्त धावतं आणि ही शिल्लक संपत जाते. निरोगी माणसाला फरक पडत नाही. पण पडदा सुजलेला असेल तर भरायला जास्त वेळ लागतो, आणि रक्त अर्धवट भरलेलंच पुढं निघून जातं. आकडा घसरतो. फुप्फुसाचं लपलेलं दुखणं घरातल्या ओसरीवर उघडं पडतं, सुई नाही, क्ष-किरण नाही.

चिमट्यालाही मर्यादा आहेत. हात गार असले, नखाला गडद रंग असला तर तो चुकतो. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं धक्काच दिला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना खरी पातळी ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. सावळ्या कातडीच्या आपल्या मुलखानं हे पक्कं लक्षात ठेवायला हवं.

म्हणून शहाणी सिस्टर एका आकड्यावर निकाल देत नाही, ती आकड्यांची ओळ वाचते. परवा ९७, काल ९६, आज सकाळी ९४. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर घाबरण्यासारखे नाहीत, पण रांगेत ठेवले की उतार दिसतो. आणि ९० च्या खाली हा उतार भयंकर होतो, कारण रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा स्वभावच तसा आहे. वरच्या टप्प्यात फुप्फुसातला प्राणवायू बराच कमी झाला तरी ते आपला साठा फारसा सोडत नाही. ९० ओलांडून खाली आलं की थोड्याशा घटीनंही साठा भराभर रिकामा होतो. सिस्टरला जे काही करायचं ते या वळणाच्या अलीकडे करायचं असतं. पालथं झोपायला सांगायचं, म्हणजे फुप्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग मोकळा होतो. आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावायचा.

आणि ती ओळ लिहिली कुणी? सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन राज्यभर दारोदार पथकं फिरली. त्यांत गावोगावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका होत्या. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, त्याच गावची, त्याच बोलीत बोलणारी. कुणाला दम्याचा जुना त्रास आहे, कोण दुखणं लपवतो, कुणाच्या घरात फोन एकच आहे आणि तो लेकाबरोबर शेतात जातो, हे तिला विचारावं लागत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून ती चिमटा पुढं करते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबते, वहीत टिपते आणि सिस्टरला कळवते. दूरच्या शुश्रूषेचा हा शेवटचा हात कुठल्याही यंत्राला अजून जमलेला नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, त्यात वाशिमच्या पायवाटांवरून ऑक्सिमीटर घेऊन हिंडलेल्या आशाताईही आल्या.