महागडी तबकडी जास्त गोड वाजते का?

जुन्या जॅझच्या नव्याने छापलेल्या तबकड्या घेणारी ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात, महागडी घ्यावी का? अमेरिकेतल्या ब्लू नोट कंपनीचंच पाहा. तिची महाग ‘टोन पोएट’ मालिका २०१९ मध्ये आली, स्वस्त ‘क्लासिक व्हिनाइल’ २०२० मध्ये. दोन्हींचं मास्टरिंग केविन ग्रे यांचं, शक्य तिथे मूळ टेपवरून. वजनही सारखंच, १८० ग्रॅम. माझ्या कानाला फरक थोडाच वाटतो. जादा पैशांत जाड, दुहेरी कव्हर आणि मोठे फोटो मिळतात.

खरी मेख टेपमध्ये असते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू मुद्रित करताना यंत्र हळू चाललं; त्यामुळे तबकडीवर स्वर किंचित चढे आले. १९९२ च्या सीडीत ते सुधारले. मन्सूर-गंगूबाईंच्या मुलखातल्या कानांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा कव्हर नंतर पाहा. टेप कोणती, मास्टरिंग कुणाचं, हे आधी विचारा. वाचलेल्या पैशांत नवी सुई घ्या. झिजलेली सुई नव्या तबकडीबरोबर आजोबांनी जपलेली भीमसेनजींची एलपीही खराब करते. ती पुन्हा कुठून आणणार?