वर चढणारं रक्त

नगरच्या सावेडी भागात पाइपलाइन रोडला किंवा गुलमोहर रोडला राहणाऱ्या मुलांना पाण्याचा प्रवास तोंडपाठ असतो. मुळा धरणातलं पाणी विळदच्या पंपांनी वसंत टेकडीच्या टाक्यांत चढतं आणि तिथून नळांनी घराघरांत उतरतं. तुमच्या छातीतही असाच एक पंप आहे, तुमच्याच मुठीएवढा. पण नळाचं पाणी एकदा सांडलं की गेलं, ते धरणात परत येत नाही. रक्त मात्र परत येतं!

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. जवळजवळ चौदाशे वर्षं वैद्य मानत होते, की अन्नापासून यकृतात रोज नवं रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून टाकतं. मग विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी चक्क गुणाकार केला. आपण आजच्या आकड्यांनी करून बघू. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला 72 ठोके. झाले पाच लिटर! तासाला तीनशे लिटर. एवढं रक्त तयार करायला माणसानं जेवायचं तरी किती? मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असणार. हार्वेंचं पुस्तक 1628 साली छापलं गेलं. तेव्हा आपल्या नगरची निजामशाही अजून टिकून होती आणि तिचा वजीर मलिक अंबर याला जाऊन दोनच वर्षं झाली होती.

हार्वेंनी हातावर करून दाखवला तसा एक प्रयोग तुम्हीही करू शकता. आजोबांना विचारून त्यांचा हात खाली लोंबता ठेवायला सांगा. थोड्या वेळात पंजाच्या मागच्या बाजूला हिरव्यानिळ्या शिरा टरारून फुगतील. एका लांब शिरेवर, बोटांच्या बाजूला, आपलं एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिथून मनगटाकडे शीर निपटत न्या आणि ते बोट उचला. शीर सपाटच राहते, वरचं रक्त मागे येत नाही! आता पहिलं बोट उचला. झरकन खालून भरली ना? शिरांच्या आत इवल्याशा झडपा असतात. त्या फक्त हृदयाच्या दिशेनं उघडतात. (एका शिरेवर नाही जमलं, तर दुसरी शोधा.)

हृदयातून निघणाऱ्या धमन्यांतलं रक्त शिरांत येतं कसं, हे कोडं हार्वेंच्या हयातीत सुटलं नाही. ते 1657 साली वारले. 1661 मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञानं बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बारीक वाहिन्यांबद्दल लिहिलं. त्या केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरून जावं लागतं. फुफ्फुसांबाहेरच्या, शरीरभरच्या केशवाहिन्यांतच या पेशी आपला प्राणवायू देतात.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते पायांतल्या रक्ताचं. तळपायापासून छातीपर्यंत त्याला उभी चढण, आणि केशवाहिन्यांतून येईपर्यंत हृदयाच्या धक्क्याचा जोर जवळजवळ संपलेला! मग त्याला वर कोण ढकलतं? तुमच्या पोटऱ्या. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि खालची झडप मिटते. पुढच्या पावलाला आणखी वर.

म्हणूनच शाळेच्या मैदानावर उन्हात बराच वेळ ताठ, स्तब्ध उभं राहिलं की एखाद्याला भोवळ येते. पोटऱ्या थांबलेल्या असतात, रक्त पायांत साठतं आणि मेंदूला कमी पडतं. अशा वेळी उभ्या उभ्या टाचा हळूच उचला आणि टेकवा, पोटऱ्या कामाला लागतील. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लाजू नका, सरळ खाली बसा आणि बाईंना सांगा.